खिशातला खडा

एका बाजूने झिजलेला होता तो — बाकीच्या कडा अजून तशाच, धारदार, चौकोनी, आणि एकच बाजू गुळगुळीत. काळुरामने उशीचा अभ्रा झटकला तेव्हा तो टक्कन फरशीवर पडला आणि खाटेखाली न जाता त्याच्या अंगठ्याशी येऊन थांबला. मिठाचा खडा. करडा, हरभऱ्याएवढा. काळुरामने तो उचलला, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेला, आणि बोटांत फिरवून पाहिला. मग सुचलं ते असं, की पायरी पायांनी झिजते, पाटा वरवंट्याने झिजतो, आणि हा... हा जिभेने झिजला आहे.

न्हाणीत हौसा चूळ भरत होती. भरल्याचा आवाज, मग थुंकल्याचा. गेले कित्येक महिने तो हा आवाज कान देऊन ऐकत आला होता — भरली तेवढी थुंकली का, की त्यातली थोडी घशाखाली उतरली. बायकोच्या चुळांवर पहारा ठेवणारा माणूस! सगळं आयुष्य रोह्याच्या वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्यात गेलं, मोठमोठ्या माणसांचे मोठमोठे विचार हाताळले, आणि शेवटी मी हा असा झालो, भिंतीला कान लावून उभा राहणारा.

हौसाची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा रोह्याजवळच्या वरशाहून पेणला न्यायचं, चार तास यंत्राला जोडायचं, परत आणायचं. दिवाळीनंतर एकदा तिच्या छातीत पाणी भरलं होतं. बसल्या बसल्या ती बुडायला लागली होती, कोरड्या घरात, कोरड्या खाटेवर. वाचली. नंतर डॉक्टरने काळुरामला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही नाही. मीठ नाही म्हणजे तहान नाही, तहान नाही म्हणजे पाणी नाही. सोपं आहे आजोबा. सोपं आहे! त्या शब्दाचा राग काळुरामला अजून येत होता, पण त्या दिवशी त्याने मान हलवली होती, हो म्हणाला होता, वर थँक्यू म्हणाला होता. आणि घरी येऊन ओट्याखालची जाड्या मिठाची बरणी उचलून मागच्या गटारात रिती केली होती. हौसा दारात उभी राहून बघत होती.

आता तो खडा त्याने सदऱ्याच्या खिशात टाकला. टाकला, आणि तेवढ्यात हौसा तोंड पुसत बाहेर आली, उशीकडे तिची नजर गेली, उशीवरून त्याच्या हाताकडे, हाताकडून खिशाकडे. मग ती म्हणाली, "गाडी चुकंल. चला."

पेणच्या एसटीत ती नेहमी खिडकीशी बसे. नागोठणं गेलं, हमरस्त्याची धूळ लागली, गाडी खड्ड्यातून आपटायला लागली, प्रत्येक आपट्याला हौसा दंडावरची, यंत्राच्या सुया टोचून फुगलेली शीर दुसऱ्या हाताने झाकून धरत होती, लेकरू धरावं तशी. काळुराम पुस्तक उघडून बसला होता. पान उलटत नव्हता. बोलायचं कसं? रागावून? हौसावर तो कधी रागावला नव्हता — रागावायला एक प्रकारचा आवाज लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. समजावून? तिला काय समजत नव्हतं? दर वाक्य तो मनात रचत होता आणि मनातच खोडत होता. मध्येच छातीवर हात जात होता. खडा आहे. आहे तिथेच.

वडखळच्या अलीकडे रस्त्याच्या डावीकडे खाडीकाठची खाजणं लागली. ऊन चढत होतं, लांबवर दोन-चार मिठागरं अजून चालू होती, त्यांच्या चौकोनी कोंड्यांत पाणी चकाकत होतं, बांधावर मिठाच्या पांढऱ्या राशी दिसत होत्या. हौसाने कपाळ गजाला टेकवलं.

"लागलं पिकायला," ती म्हणाली.

ती त्याच्याशी बोलली होती की खाडीशी, हे काळुरामला कळलं नाही.

डायलिसिस केंद्रात प्रतिक्षा नावाची परिचारिका होती; खांब गावची मुलगी, तोंडाने फटकळ, हाताने हलकी. तिने हौसाला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, परत एकदा उभं केलं.

"आजी, काय प्यायलात? विहीर?"

"काय नाय गो. सांगितलाय तेवढाच."

"मग हे वजन कुठून आलं? वाऱ्याने?" आणि काळुरामकडे वळून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, "बाबा, तुम्ही तर शिकलेले ना! घरात लक्ष ठेवायला दुसरं आहे कोण? एवढं पाणी काढायचं म्हणजे पायाला गोळे येणार त्यांच्या. ओरडतील त्या, मी नाही."

काळुरामने खिशावर हात ठेवला. दाखवावा का? हे बघ, मुली, पुरावा. पण पुरावा दाखवायचा म्हणजे हौसाला चोर म्हणायचं, सगळ्यांदेखत... तो नुसता म्हणाला, "बघतो." काय बघतो? कुणास ठाऊक. लोकांनी झापलं की तो हाच शब्द बोलत आला होता.

आणि त्या दिवशी नेमका मंडळाचा कार्यक्रम होता. भिंतीवर नवा फलक लागला होता, निळ्या आकाशावर पिवळी अक्षरं: 'कठीण काळातही छोटे छोटे आनंद वेचू या!' त्या फलकाखाली मोबाईल हातात धरून सुरभी नावाची एक बाई उभी होती, पस्तिशीची, हसरी, कुठल्याशा मंडळाची. महिन्यातून एकदा यायची, रुग्णांना बोलतं करायची, त्याची चित्रफीत करून मंडळाच्या पानावर टाकायची.

वेचू या. काळुरामची कानशिलं तापली. वेचू या म्हणे — म्हणजे आनंद या चिंचा आहेत, झाडाखाली पडलेल्या, आणि जो वाकत नाही तो आळशी! इथे एका ओळीत आठ माणसं पडली आहेत, प्रत्येकाचं रक्त बाहेर येऊन नळीतून फिरून परत आत जातं आहे, प्रत्येकाला तहान लागली आहे, आणि यांना वाकून चिंचा वेचायला सांगायचं. वर तो शब्द — छोटे छोटे. मोठे कुठे गेले मग? मोठे कुणी नेले, हे कुणी विचारायचं नाही. आमच्या तालुक्यात असं यंत्र का नाही, का या बायामाणसांना आठवड्यातून दोनदा त्या रस्त्यावरून आपटत यावं लागतं, हे विचारायचं नाही. छोटे छोटे वेचायचे आणि गप्प बसायचं. भाविकासुद्धा, पोटची मुलगी, नाशिकहून रोज सकाळी हेच पाठवते, फुलाच्या चित्रावर लिहिलेलं. तिच्यावर मी काय रागावणार. ती तिकडे रडत असते, मला माहीत आहे. रडून झालं की फूल पाठवते.

आणि या सुरभीवर तरी धड रागावता येत होतं का? तिने आल्या आल्या कोपऱ्यातल्या म्हातारीचं पांघरूण सारखं केलं होतं. ढोंगी असती तर बरं झालं असतं.

"काका, तुमच्यापासून सुरुवात करू या? आज सकाळपासून झालेला एक छोटासा आनंद. चहा, फूल, पक्षी, काहीही चालेल."

मोबाईल त्याच्या तोंडासमोर आला. काळुरामने तोंड उघडलं. आत इतकं भरलं होतं — चिंचा, रस्ता, विहीर, चुळा — सगळं एकदम दाराशी आलं आणि दारात अडकलं. "माझं... राहू दे," तो म्हणाला.

"माझा घ्या, ताई!" शेजारच्या खाटेवरून विठू ओरडला. पेणला रिक्षा चालवायचा, आजारी पडेपर्यंत. "माझा आनंद लघवी! एकदा जरी धड झाली ना, अख्ख्या पेणला जेवण घालीन!"

खोली हसली. खाटेखाटेवरून, नळ्या हलू न देता, जपून हसली. प्रतिक्षासुद्धा तोंड फिरवून हसली. सुरभीने मोबाईल खाली घेतला, पण विठूकडे बघून तिलाही हसू आवरलं नाही. काळुरामला वाटलं, आपण सोडून सगळ्यांना जमतं.

"आजी, तुम्ही?"

हौसा छताकडे बघत होती. यंत्र सुरू झालं होतं. तिने मान वळवली, मोबाईलकडे नाही, काळुरामकडे.

"माझा आनंद ह्यांच्या खिशात हाय," ती म्हणाली.

"अय्या! किती गोड!" सुरभी म्हणाली, आणि मोबाईल सर्रकन काळुरामच्या छातीवर आला, सदऱ्याच्या त्या खिशावर. खोलीतल्या बायका कौतुकाने चुकचुकल्या. विठू म्हणाला, "बाबा, लपवून ठेवा, मंडळवाले नेतील!" हौसा मात्र हसत नव्हती. ती बघत होती, सरळ, डोळे न मिटता. पन्नास वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, आणि काळुराम उठला, पुस्तक तिथेच विसरला, आणि बाहेर आला.

मागच्या गल्लीत चहाची टपरी होती. ही त्याची चार तासांची जागा. एक अर्धा चहा, एक बाक, लिंबाची सावली, आणि पुस्तक. रस्त्यापलीकडे मूर्तींच्या कारखान्याचं आवार होतं, तिथे पांढरे, बिनरंगाचे गणपती ओळीने उन्हात वाळत ठेवलेले असायचे. इथे बसलं की त्याला... नाही, तो शब्द आज वापरायचा नाही.

बाकावर आधीच कान्हू बसला होता. हौसाचा धाकटा भाऊ. खाडीकडच्या गावातून बहिणीला बघायला अधूनमधून यायचा. त्याच्या पोटऱ्यांवर मिठाचे सुकलेले पांढरे ओघळ होते.

"भावोजी! ताय कशी हाय?"

काळुरामने खिशातून खडा काढला आणि दोघांच्या मध्ये, बाकावर ठेवला.

"हे काय आहे?"

"मीठ."

"ते दिसतंय मला."

"मंग इचारता कशाला?" कान्हू मोकळं हसला. "मीच दिलाय. मूठभर दिलंता रविवारी. आपल्या कोंडीतला, पयल्या पिकाचा."

मूठभर! म्हणजे घरात अजून आहे. तांदळात, गादीत, देव्हाऱ्यामागे, कुठे कुठे. "कान्हू," काळुराम म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना, "तिला मीठ बंद आहे. माहीत आहे ना तुला?"

"पुडीचा बंद हाय. त्यात पावडरी घालतात कंपनीवाले. हे आपल्या आगरातला, भावोजी. ऊन नि खाडी, दुसरा काय हाय त्यात? ह्याला डॉक्टर कशाला नाय म्हणंल?"

"मीठ ते मीठच!" काळुराम ओरडला. टपरीवाल्याच्या हातातली किटली थांबली. "पुडीतलं काय, आगरातलं काय! तिच्या छातीत पाणी भरेल! मरेल ती, कळतंय का तुला? तू मूठभर मरण आणून दिलंस तिला!"

कान्हूचं हसू गेलं. खाडीतलं पाणी ओहोटीला जातं तसं हळूहळू, कडेकडेने गेलं. तो खड्याकडे बघत राहिला.

"मना कोणी सांगितला नाय तसा," तो म्हणाला. "मी घाबरतच व्हतो. मीच तायला बोललो, मीठ कसं देऊ तुला. तर तीच बोलली... पुडीचाच बंद हाय, आपला चालतो, भावोजीनी पुस्तकात वाचलाय."

चहा तसाच टाकून तो उठला. "तायला सांगू नका मी आलतो," म्हणाला, आणि गेला. केंद्राकडे नाही, स्टँडकडे.

भावोजीनी पुस्तकात वाचलाय.

म्हणजे तिला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. अडाणीपणावर ओरडायला तो एवढा आवाज गोळा करून आला होता, आयुष्यभराचा, आणि अडाणी कुणी नव्हतंच. तिने दिवाळीनंतरच्या त्या बुडण्यासकट सगळं तराजूत घातलं होतं आणि दुसऱ्या पारड्यात हा खडा ठेवला होता. आणि वर माझ्या पुस्तकांची साक्ष दिली. माझ्या! तिने कधी पुस्तकाला हात लावला नाही, आणि लावला तो असा.

फेकून द्यायचा. पण कुठे? टपरीच्या ओल्या जमिनीवर तो खडा टाकणं... हात पुढे होईना. बरणी रिती करताना झाला होता. आता होईना. राग इतका होता की हाताला काहीतरी करायला हवं होतं, आणि हाताने जे केलं ते काळुरामने ठरवलेलं नव्हतं: खडा उचलला, आणि त्याची ती झिजलेली, गुळगुळीत बाजू स्वतःच्या जिभेवर ठेवली.

आधी कडू. आगरातलं मीठ आधी थोडं कडूच लागतं, हे तो विसरला होता. मग चिखलाचा वास, नाकातून नाही, घशाकडून येणारा. आणि मग ते खारटपण, गालांच्या आत मुंग्या आणणारं, आणि त्याच्याबरोबर बांध, बांधावरचा वारा, बापाची हाक — काळ्या, पुस्तक ठेव नि फावडं घे रं — आणि पलीकडच्या कोंडीत कासोटा खोचून, घोटाभर पाण्यात उभी असलेली शेजारच्या आगरातली पोर, वाकते, एक खडा उचलते, जिभेवर ठेवते, डोळे मिटते. "पिकलं," म्हणते. बस्स, एवढंच. त्याने पुस्तक खाली ठेवलं होतं तेव्हा. फावडं घ्यायला नाही...

टपरीवाल्याने चहाआधीचा पाण्याचा पेला ठेवला होता. काळुरामने तो उचलला आणि गटागट प्यायला. दुसरा मागितला, तोही. माठातलं गार पाणी खारट जिभेवरून गोड होऊन उतरत होतं, पार खालपर्यंत, आणि लिंबाखाली झुळूक होती, आणि पलीकडे उन्हात ते पांढरे गणपती ओळीने बसले होते, अजून डोळे न आखलेले... आणि काळुराम सुखी होता. पेला रिकामा होईपर्यंत, पूर्ण सुखी.

मग त्याने पेला खाली ठेवला, आणि लाजेने त्याची मान आखडली. हाच ना तो? छोटासा, अगदी छोटा. घ्या, चित्रफीत घ्या. बायकोच्या उशीतून उचललेला, तिच्या जिभेने अर्धा झालेला, आणि वर तिला नसलेलं पाणी, दोन पेले. फलक लावणाऱ्यांना हे ठाऊक असतं का, की कुणाचा तरी छोटा आनंद दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडचा असतो? आणि खरं सांगायचं तर आजचाच का... मंगळवार-शुक्रवार मी या बाकाची वाट बघत असतो. ती सुईला हात देते तेव्हा मी पान उघडतो. सुख काय मी न वेचता राहिलो होतो होय?

उरलेला खडा आता मसुराएवढा होता. त्याने तो रुमालाने पुसला, एसटीच्या तिकिटात गुंडाळला आणि खिशात ठेवला.

परत गेला तेव्हा हौसाचा चेहरा राखेसारखा होता. प्रतिक्षा तिच्या पोटऱ्या चोळत होती.

"आले गोळे. सांगितलं होतं ना? थोडं सलाईन सोडलं नळीतून, तेव्हा थांबले."

"सलाईन," काळुराम म्हणाला.

"हो. मिठाचं पाणी असतं ते. अशा वेळी द्यावंच लागतं."

काळुराम त्या लोंबत्या पिशवीकडे बघत उभा राहिला. म्हणजे मीठ दिलं. आज, इथे, डॉक्टरच्या हुकमाने, दिवसाढवळ्या. फक्त जिभेला कळू न देता. शिरेतून शिरेत, चोरवाटेने, म्हणजे शरीराचं काम भागलं आणि माणसाला पत्ता लागला नाही. दोष मिठाचा नव्हताच मग. दोष चवीचा होता! त्याला ती पिशवी उपसून खाली आपटावीशी वाटली. त्याला हेही माहीत होतं की प्रतिक्षाचं बरोबर आहे, हिशेब वेगळा असतो, त्याने तो वाचला होता. बरोबर असलेल्या माणसांचाच त्याला सर्वांत जास्त राग येत होता.

"बाबा, पुस्तक विसरला होतात," प्रतिक्षाने पुस्तक हातात दिलं. तिचे स्वतःचे डोळे थकलेले होते.

परतीच्या गाडीत ऊन हौसाच्या बाजूला होतं. तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला होता. गाडी वडखळला वळली तेव्हा तिने त्याच्या खिशाकडे बघितलं.

"टाकलात?"

काळुरामने पुस्तकात डोळे खुपसले.

"इकडं तोंड करा." त्याने केलं. तिने त्याच्या ओठांकडे बघितलं. कोपऱ्यात पांढरं सुकलं असावं. इतकी वर्षं मिठात वाढलेल्या बाईला ते काय सांगावं लागणार होतं?

"खाल्लात," ती म्हणाली.

तो थांबला. ती ओरडेल, रडेल, किंवा तिकडे तोंड फिरवेल. त्यातलं काहीही त्याने घेतलं असतं. तिच्या गळ्यातून एक आवाज आला, आणि तो हसण्याचा होता, हे कळायला त्याला वेळ लागला.

"चोर," ती म्हणाली. मग खाजणाकडे बघत, हळूच, "कसा लागला?"

त्याला म्हणायचं होतं, हौसा, तू मरशील. तू कान्हूला खोटं सांगितलंस, माझ्या नावाने. घरात कुठे कुठे ठेवलं आहेस ते सांग. मला मागे एकटा ठेवून जायचं तू कुणाला विचारून ठरवलंस? हे सगळं आज वाक्यांत तयार होतं, एकही खोडलेलं नव्हतं.

"आधी कडू," तो म्हणाला.

"व्हय. पयल्या पिकाचा आसतोच."

"मग चिखलाचा वास आला. घशातून."

"मंग?"

"मग... गालात मुंग्या."

तिने डोळे मिटले होते. तिच्या वाळलेल्या गळ्यात काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. ती गिळत होती, काहीच नसलेलं, आणि काळुराम बोलत राहिला, जो माणूस सकाळी एका वाक्याला महाग होता तो बांधाबद्दल बोलला, वाऱ्याबद्दल बोलला, आणि बोलता बोलता त्याला भीती वाटायला लागली, की हे मी तिला देतो आहे की तिच्या तोंडासमोर पुन्हा एकदा खातो आहे? हा वेचलेला की लुटलेला? आणि ती तहानेल ना याने, शब्दांनीसुद्धा तहानेल. पण थांबता येईना, ती "मंग?" म्हणत होती.

"मग पाणी प्यायलो," तो म्हणाला.

"किती?"

"दोन पेले."

"गार?"

"माठातलं."

हौसाने मान डोलावली, डोळे न उघडता, जसं काही तिनेच त्याला ते प्यायला पाठवलं होतं. खाजणं मागे पडली. राग होता, गेलेला नव्हता, पण सकाळी तो एकट्या काळुरामचा होता आणि आता दोघांच्या मध्ये बाकड्यावर बसला होता, दोघांच्याही ओळखीचा, तिकीट काढून. काळुरामने खिशावर हात ठेवला. तिकिटातला मसूर तिथे होता. संध्याकाळ होईल, वरशाच्या घरात दिवा लागेल, हौसा तोंड धुवायला न्हाणीत जाईल, आणि अंथरूण घालताना तिची उशी त्याच्या हातात येईल... नेहमी तो अभ्रा झटकत असे. आज पहिल्यांदाच त्याला ठाऊक नव्हतं, की तो झटकेल, की उशी तशीच, दोन्ही हातांनी, न हलवता, जागेवर ठेवील.

"बोला ना," हौसा म्हणाली. "वारा खालचा व्हता, का वरचा?"